विलायती चिंच

छावणी, औरंगाबाद
१० जून १९५१

ती. आक्कास बद्रीनाथचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

इकडे क्षेम. साहेबांच्या बंगल्यातून विलायती चिंचेच्या बिया आणल्या, त्या धाडतो. आपली चिंच फळायला दहा-बारा वर्षं लावते, ही म्हणे चारच. विलायती म्हटल्यावर माल चांगलाच असणार. ती फळली की बांधावरची जुनी चिंच तोडून लाकूड विकू. तिच्या सावलीत ज्वारी येत नाही. मग तूही इकडे राहायला ये. सौ. द्वारका वाट पाहते.

रागावू नये, लोभ ठेवावा.
बद्रीनाथ

करमाड
आषाढ शुद्ध द्वितीया

चि. बद्रीनाथास अनेक आशीर्वाद.

पत्र मास्तरांकडून लिहून घेते. टोमणे ते गाळतात, तरी जे उरतील ते गोड मानून घे. निजाम गेला, फर्मानं मात्र तुझ्याकडे ठेवून गेला. त्या झाडाच्या चिंचा फोडून विकते म्हणून माझं मीठमिरची चालतं, कुणाच्या दारी जावं लागत नाही. पण रान तुझ्या नावावर. शब्द देते, विलायती फळली की जुनी तोड. द्वारका वाट पाहते हे वाचून मास्तरसुद्धा हसले. दिवाळीत ती माझ्या परतीच्या मोटारीची वाट पाहत होती.

सुखी रहा.
आक्का

छावणी
२ मे १९५६

ती. आक्कास सा. न. वि. वि.

गावाकडचा सांडू भेटला. विलायतीला फळं लागली म्हणाला. सोमवारी लाकूडतोडे येतील. आवराआवर करून ठेव, तुला न्यायला मी येतोच.

माया असावी.
बद्रीनाथ

करमाड
९ मे १९५६

चि. बद्रीनाथास आशीर्वाद.

लाकूडतोडे आले, चहा पिऊन गेले. तुझी विलायती फळली खरी. शेंगा जिलबीसारख्या वेटोळ्या, गर गुळमट. आमटीत घातली तर आमटी रुसेल. चिंचेचं फक्त नाव, बाकी सगळी बाभळीची भावकी. पाणी एकाच खेपेत व्हावं म्हणून बिया मी जुनीच्याच भोवती लावल्या होत्या. त्यांची झाडं डोक्याच्या वर गेली आणि काट्यांत काटे गुंतले. आता तिथं शेळीसुद्धा शिरत नाही. लाकूडतोडे म्हणाले, आधी हे कुंपण तोडा, मग आम्हाला बोलवा. मी अडाणी बाई, विलायती मालाला काटे असतात हे मला कुठून कळावं?

आदल्या दिवशी झाडाला धरून मी खूप रडले, तेही लिहा असं मास्तरांना सांगितलं आहे. मी शब्द मोडलेला नाही. कुऱ्हाड घेऊन तू स्वतः ये. आत जायला एक फट ठेवली आहे, पण तिथून वाकूनच जावं लागतं.

आशीर्वाद आहेतच.
आक्का