पहिल्या व दुसऱ्या वेलांटीचा इसम एकच असल्याबाबत

प्रति,
मा. शाखाधिकारी,
गृहकर्ज विभाग.

विषय : तळमजल्यावरील दोन खोल्यांसाठी कर्ज मिळणेबाबत, तसेच मी एकटाच असल्याबाबत.
संदर्भ : आपले त्रुटीपत्र क्र. ७.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय कळवितो की, मी छापखान्यात मुद्रितशोधक आहे. लोकांच्या वेलांट्या सुधारण्यात जन्म गेला. तरी माझ्याच नावाला पगारपत्रकावर पहिली वेलांटी आहे आणि पत्त्याच्या दाखल्यावर दुसरी.

१. यावरून आपल्या छाननी लिपिकांनी आम्हांस दोन इसम ठरविले. पहिल्यास नोकरी आहे, पत्ता नाही. दुसऱ्यास पत्ता आहे, पण तो बेकार आहे. विवाहाचा दाखला दुर्दैवाने बेकाराच्या नावे निघाला. पत्नीस विचारले असता, ज्याचा पगार येतो तो आपला, असे तिने कळविले.

२. दोघे एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र दोघांच्या सहीने मागविले. सह्या हुबेहूब जुळल्या म्हणून बनावट ठरल्या. मग दुसरी डाव्या हाताने केली, तर ती जुळत नाही म्हणून प्रकरण परत आले. आता कपाळ कोणत्या हाताने बडवावे, ते लेखी कळवावे.

३. त्यानंतर दुसऱ्या इसमाचे ना-हरकत पत्र मागविले. तेही मी मला दिले. खरे सांगतो, देताना राग आला होता.

४. आता त्रुटीपत्र सातनुसार वडिलांनी समक्ष येऊन पुत्र एकच असल्याचे सांगायचे आहे. त्यांनी तसे लेखी दिले आहे. 'एकच, आणि तोही पुरे झाला' हा मजकूर त्यांचा असून मी तो सुधारलेला नाही. परंतु आम्ही चौथ्या मजल्यावर भाड्याने राहतो. जिन्यात पडल्यापासून आठ महिने ते खाली उतरलेले नाहीत. दिवसभर खिडकीत बसून रस्त्यावरची माणसे नुसत्या टकलांवरून ओळखतात. त्यांना जिना उतरता आला असता, तर तळमजल्याचे घर मी मागितलेच नसते.

घर विकणारे गृहस्थ महिनाअखेरपर्यंतच थांबणार आहेत. तरी आपण चार मजले चढून वडिलांचा जबाब घ्यावा, ही विनंती. तेवढी सवड नसल्यास कर्ज दोघांपैकी कोणासही द्यावे. दुसरा तक्रार करणार नाही. आणि नामंजूरच करायचे असेल, तर तसे वडिलांना आपणच वर येऊन सांगावे. ते सांगणे आम्हां दोघांपैकी एकालाही जमणार नाही.

आपला एकवचनी,
अर्जदार
(सही)
दि. २१

सोबत : वडिलांचे निवेदन, आधीची सहा त्रुटीपत्रे.