नऊच गाठी

३ मार्च
दादाचं ऑपरेशन. साडेचार तास! अर्ध्याहून जास्त जठर काढलं, भोवतीच्या चरबीसकट. आणि दुपारी ते फॉर्मालिनच्या डब्यातून आलं कुठे — तर पॅथॉलॉजी लॅबमध्ये, माझ्याच टेबलावर! पंधरा वर्षं लोकांचे डबे उघडतेय. आज चिठ्ठीवर दादाचं नाव दिसलं आणि झाकणाला हात लावायची छाती होईना.

आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी डबा उचलला. "घरच्यांचं आपण करायचं नाही. जा, चहा घेऊन ये."

डबा घाईरावकडे गेला. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचं हे नाव मीच ठेवलंय — त्याला पत्ता नाही.

५ मार्च
चरबीतल्या गाठी शोधणं हे बोटांचं काम. मसुराएवढी गाठ, कधी त्याहून बारीक. चिमटीत धरत, चाचपत पुढे सरकायचं. कॅन्सर जठरातून निघाला की आधी या गाठींत शिरतो. किती गाठींत शिरलाय, त्यावर पुढचं सगळं.

घाईरावने पाऊण तासात उरकलं. किती सापडल्या, विचारायचा धीर झाला नाही.

९ मार्च
नऊ गाठी. नऊच्या नऊ स्वच्छ!

वहिनी फोनवर रडत होती की हसत होती, कळेना. मग दादा — "अर्धी टाकी गेली, पण इंजिन शाबूत!" आयुष्यभर बस चालवली, बोलणंही तसंच. मी हसले.

फोन ठेवला. नऊच का?

१० मार्च
सोळा तरी बघायला हव्यात. नऊवर भरवसा ठेवायचा म्हणजे दोन खोल्या बघायच्या आणि घरात चोर नाही म्हणून झोपायचं. मॅडमनी रिपोर्टच्या तळाशी लिहिलंय — तपासलेल्या गाठींची संख्या कमी. वहिनीची नजर तिथवर गेली नसणार. सर्जन म्हणाले, "केमोची गरज दिसत नाही, लक्ष ठेवू." वहिनीने शेजाऱ्यांना पेढे… नाही, आधी मला फोन केला. कसला गोड आवाज!

११ मार्च
उरलेल्या चरबीचा डबा कपाटात आहे. तिसरा खण. दोन आठवडे ठेवतो, मग जाळायला जातो.

गप्प बसले तर कुणाला कळणार? दादा हसत राहील. आणि वर्षभराने —

पुढचं लिहवत नाही.

१२ मार्च
गप्प बसले.

१३ मार्च
नाही जमलं. मॅडमना म्हटलं, "डबा पुन्हा बघाल?"

त्यांनी चष्मा काढला. "नऊवर मीही समाधानी नव्हते. पण आणखी सापडल्या, तर त्या चांगल्याच असतील असं नाही. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

त्या स्वतः बसल्या. मी दाराबाहेर उभी. सापडलेली प्रत्येक गाठ छोट्या प्लास्टिकच्या डबीत जाते, झाकण टक् वाजतं. मी टक् मोजत होते. आठ. नऊ. मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा टक्. चौदा झाले!

भिंतीला टेकूनच उभी राहिले.

१६ मार्च
तेवीसपैकी दोन गाठींत कॅन्सर. दोन्ही नव्या चौदातल्या.

मॅडमनी मला सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं नाही. म्हणाल्या, "दोनच आहेत. औषधाला वाव आहे. आकडा म्हणजे नशीब नव्हे — पण नऊपेक्षा हा खरा आहे."

खरा. हो. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

१७ मार्च
सर्जननी दादाला सांगितलं. केमो लागणार. मी शेजारीच बसले होते.

दादा माझ्याकडे वळला. "तू उकरायला लावलंस?"

"हो."

तो उठून निघून गेला. जिन्यात वहिनीने मला अडवलं. "चार दिवस सुखाने हसला होता गं माणूस! तेवढंही बघवलं नाही तुला?"



२५ मार्च
दादा फोन उचलत नाही.

२ एप्रिल
आजही नाही. कामावर चिमटीत गाठ लागली की थांबते. कुणाचीही असो, दादाचीच वाटते. केमो झेपेल का त्याला? उपयोग झालाच नाही तर? त्याचे असतील तेवढे दिवस मीच नासवले, असं तर नाही ना?

१४ एप्रिल
केमोचा पहिला दिवस. सकाळी वहिनीचा फोन — "ये. बोलावलंय त्याने."

सुई लागली होती. दादा सलाइनच्या बाटलीकडे बघत बोलला. "सोळा गाठी तरी बघाव्या लागतात, हे सर्जननी ऑपरेशनआधीच सांगितलं होतं मला. नऊ ऐकलं तेव्हाच समजलो होतो."

"मग बोलला का नाहीस?"

"घाबरलो होतो. वाटलं, तूही गप्प बसशील."