चढाला टॉर्क कमी पडतो

८ फेब्रुवारी, शनिवार
अण्णांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नवी मुंबईला नेलेलं. येताना शीळफाट्याच्या उड्डाणपुलावर ट्रॅफिक थांबलं, तेही नेमकं चढावर. सुटलं तेव्हा क्लच सोडला तर गाडी पुढे जायच्या ऐवजी मागे. मागे टँकर. त्याच्या क्लीनरने उतरून डिकीवर हात आपटला. गाडी तीनदा बंद पडली. शर्ट पाठीला चिकटला. एसी तपासून घेणे.
अण्णा मागच्या सीटवरून म्हणाले, सावकाश घे रतन. वडील आहेत, अठ्ठ्याहत्तर वय, काळजी करणारच. मला काहीही झालेलं नव्हतं. घरी येईपर्यंत स्टिअरिंग घट्ट धरलं ते व्हायब्रेशनमुळे.
निष्कर्ष : गाडीला टॉर्क कमी पडतो.

१० फेब्रुवारी, सोमवार
ऑफिसात तीन तास टॉर्कचा अभ्यास. टॉर्क म्हणजे चाक फिरवायचा जोर. आपलं तेराशे सीसीचं टर्बोडिझेल, अकरा वर्षं जुनं, कागदावर १९० न्यूटन मीटर. लोक असलीच इंजिनं २४० पर्यंत नेतात.
५ एप्रिलला गावची यात्रा. अण्णा सात वर्षांत गेलेले नाहीत, यंदा न्यायचंय. गाव ओतूरच्या पुढे, म्हणजे मध्ये माळशेज घाट. घाटात चढाचं प्रमाण फार.
वल्लरीला सगळं समजावलं. तिने विचारलं, चढावर हँडब्रेक लावून का निघत नाहीस? बायकोशी टेक्निकल विषय काढू नये.

१५ फेब्रुवारी, शनिवार
कळव्याला थॉमसच्या गॅरेजमध्ये. त्याने इंजिन चालू करून नुसतं ऐकलं. मग टर्बोचा, म्हणजे इंजिनात हवा दाबणाऱ्या पंख्याचा, एक पाइप काढून आत बोट फिरवलं आणि तेलाने माखलेलं बोट मला दाखवलं. टर्बोचं सील जायला लागलंय, आणखी दाब दिला तर टिकणार नाही, क्लच प्लेटही अर्धी संपलीय, असं त्याचं म्हणणं.
"इंजिनात दम भरपूर आहे, साहेब," म्हणाला. "पायाला शिकवा."
रविवारी रिकाम्या रस्त्यावर चढाचा सराव करून घेतो, असंही म्हणाला. वीस वर्षं लायसन्स आहे माझ्याकडे. थॉमस जुन्या पिढीचा माणूस. साधा लॅपटॉप नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार
शीळफाट्याजवळ विनीत नावाचा ट्यूनर सापडला. लॅपटॉप आहे. स्टिअरिंगखाली वायर जोडली आणि वीस मिनिटांत रीमॅप. म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला सांगायचं की डिझेल जास्त सोड, टर्बोने हवा जास्त दाबू दे. त्याने टर्बो उघडून बघितला नाही. मीही थॉमसच्या बोटाचं सांगितलं नाही. जुने रिपोर्ट दाखवले की नव्या डॉक्टरचं मत बिघडतं.
जे होईल त्याची जबाबदारी माझी, असा एक कागद होता. न वाचता सही केली. वाचलं असतं तर अविश्वास दिसला असता.
काका, आता गाडी उडणार, असं तो म्हणाला. काका म्हणायची गरज नव्हती. उडणार हे ऐकून उभ्या गाडीतच सीटबेल्ट लावला. नियम म्हणजे नियम.

२४ फेब्रुवारी, सोमवार
पार्किंगमधून काढताना गाडीने उडी मारली. वॉचमन खुर्ची सोडून जिन्यात गेला. टॉर्क आलाय, वाद नाही.
संकल्प : रोज सकाळी सहाला अर्धा तास चढाचा सराव.

२ मार्च, रविवार
सराव सुरू करता आला नाही. मंगळवारी धुकं होतं. बुधवारी असण्याची शक्यता होती.
आज कल्याण-शीळ रस्त्यावर चाचणी. उड्डाणपूल टाळला, कारण मोजमाप सपाटीवरच अचूक येतं. थर्ड गिअरमध्ये पाय दाबला तर पाठ सीटला चिकटली आणि मी ओरडलो. गाडीत दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे याची नोंद आवश्यक नाही.

९ मार्च, रविवार
पत्रीपुलाच्या चढावर इंजिन कोकलतंय आणि गाडी जागची हलत नाही. जळका वास. क्लच गेला. विनीत म्हणाला, एवढ्या टॉर्कला जुना क्लच पुरत नाही. म्हणजे बघा केवढा टॉर्क आहे. नवीन भारी क्लच टाकायला दिला.

२२ मार्च, शनिवार
मागून निळसर धूर. तेल कमी झालेलं. ओतलं.
वल्लरी बहुतेक शनिवारी गाडी घेऊन कळव्याला आईकडे जाते. येताना मला न विचारता थॉमसकडे थांबली. त्याचा निरोप : टर्बो बदलल्याशिवाय घाटात नेऊ नका. सील फुटलं तर तेल इंजिनात जाईल, इंजिन तेच तेल पिऊन स्वतःच्या मर्जीने पळत सुटेल. तसं झालं तर ते बंद कसं करायचं हेही त्याने तिला शिकवलं. मी सांगितलं, इंजिन चावीने बंद होतं.

२९ मार्च, शनिवार
वल्लरीने विचारलं, थॉमसला गाडी दाखवलीस का? हो म्हणालो. निघालो होतो खरा, पण कळव्याच्या पुलाला चढ आहे. मनाने दाखवलीच.
अण्णांनी बॅग भरून दाराशी ठेवलीय. निघायला आणखी सहा दिवस आहेत. वल्लरी चालवेल का, असं त्यांनी हळूच विचारलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं. हल्ली पहाटे चारला जाग येते. वयोमान.

४ एप्रिल, शुक्रवार. दुपारी ३.२०, टोकावडे, चहाच्या टपरीवर
तांत्रिक भाषेत लिहितो.
टोकावडे सोडल्यावर चढ लागला. पुढे ट्रक थांबला म्हणून मीही गिअर काढून थांबलो. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला. इंजिनाने ऐकलं नाही. आवाज चढत गेला, काटा लाल पट्ट्यात. मागे एवढा पांढरा धूर की रस्ता दिसेना. चावी फिरवली, काढून हातात घेतली. इंजिन चालूच, उलट आणखी जोरात. अख्खी गाडी थडथडत होती.
तेव्हा परिस्थितीचं बाहेरून निरीक्षण करायचा निर्णय घेतला. निरीक्षणाला योग्य अंतर तीसेक पावलं. ते मी वेगात कापलं.
वळून पाहिलं तर गाडी मागे सरकत होती. मागच्या सीटवर अण्णा. दोन्ही हातांनी पुढची सीट धरलेली, आणि काचेतून माझ्याकडे बघत होते. 
वल्लरीने शेजारच्या सीटवरून हँडब्रेक ओढला. मग माझ्या जागेवर सरकली. ब्रेकवर पाय दाबून धरला, पाचवा गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडीला एक जबरदस्त हिसका बसला आणि इंजिन मेलं. नवीन क्लचने छान काम केलं, हे नमूद करतो.
मी परत गेलो तेव्हा ती अण्णांना पाणी देत होती. थॉमसला दाखवलेली ना, एवढंच विचारलं. मी म्हणालो, तसं पूर्ण नाही. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. दोघं एसटीने गावाला गेले. मी टोकावड्याला परत येऊन टोइंगवाल्याची वाट बघतोय.

६ एप्रिल, रविवार. सकाळी ११
घरी. गाडी थॉमसकडे. आणखी एकदा बोट दाखवेल असं वाटलेलं, पण त्याने बसायला स्टूल दिलं.
मघाशी गावाहून उत्तमचा फोन, माझा चुलतभाऊ. देवळापुढे अण्णांनी चारचौघांत सांगितलं म्हणे : इंजिन पिसाळलं, पण आमचा रतन डगमगला नाही, जिवाची पर्वा न करता मदत आणायला धावत सुटला. सगळ्यांनी कौतुक केलं. उत्तमनेही केलं. मी हो हो म्हणालो.
मग अण्णा फोनवर आले. यात्रा छान झाली म्हणाले.  त्यांनी विचारलं, "जेवलास का?"
वल्लरी कुठे आहे विचारलं. इथेच बसलीय, म्हणाले. ती फोनवर आली नाही.
कारणं शोधण्यात माझा हात कोणी धरणार नाही असं मला वाटायचं. अण्णांचं कारण माझ्या सगळ्या कारणांपेक्षा चांगलं आहे. नीट लिहून ठेवावं म्हणून वही उघडली.
मदत आणायला गेलेलो नव्हतो. घाबरलो आणि पळालो. त्या बाजूला मदत मिळण्यासारखं काही नव्हतंच. कापणी झालेलं भाताचं खाचर होतं. त्यात मी उभा होतो, हातात चावी घेऊन.