ताईशिवाय स्वर्ग

खामनॉयताई,

तुला जाऊन वर्ष झालं, तरी तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. उद्या नान नदीत माझा बाप्तिस्मा आहे.

आईमागे तूच मला वाढवलंस. स्वतः अर्धपोटी राहून रोज सकाळी भिक्खूंना भात वाढलास. येशूचं नाव तुझ्या कानावरही आलं नव्हतं. म्हणून मी पाद्री विचाईंना विचारलं, "माझी ताई नरकात गेली का हो?"

ते म्हणाले, "माझे बाबाही तसेच गेले, पोरी. मी रोज त्यांच्यासाठी देवापाशी रडतो. चर्चच्या मंडळीत बोलू नकोस हं, मेलेल्यांसाठी प्रार्थना तिथे चालत नाही."

त्यांच्या रडण्यावरच माझा विश्वास बसला. मी पाण्यात उतरेन. पण देवाला आधीच बजावलंय, ताई स्वर्गाबाहेर असेल तर मीही दाराबाहेर तिच्याजवळच बसेन.

तुझीच,
बुआलोय