लुप्त शाखेतलं नाव

१४ जानेवारी, संक्रांत

दुपारी खालच्या मजल्यावरच्या पेंडसेबाई. एका हातात तिळगुळाची डबी, दुसऱ्यात फोन. सुनेला नववा महिना. मुलगीच होणार हे बाईंना स्वप्नात कळलेलं आहे, सबब नाव आजच हवं. "आयुष्य संस्कृत कोशाच्या कामात घालवलेली बाई वरच राहत असताना आम्ही दुसऱ्या कुणाला विचारावं?" इथवर विधान बिनचूक होतं.

अहना सुचवलं. उषेचं ऋग्वेदातलं नाव. "घशात अडकतं हो." राका, पौर्णिमेची रात्र. "राक्षस आठवतो." अरण्यानी, वनाची देवता; तिच्यावर एक अख्खं सूक्त आहे. "वर्गात 'जंगल' म्हणून चिडवतील पोरं." मग फोनवरून स्वतःच वाचलं, "रेयांवी. हे कसं? अर्थ दिलाच नाहीये मेल्यांनी."

धातू नाही, प्रत्यय नाही. कुणीतरी अक्षरं डबीत घालून खुळखुळवलेली. मी म्हणाले, "वा! पाखरू जागं होण्याआधी त्याच्या कंठात निजलेला पहाटेचा पहिला सूर, म्हणजे रेयांवी."

"अगंबाई! कुठं आलंय हे?"

"वेदाच्या लुप्त शाखेत. लुप्त आहे म्हणून तर कुणाला सापडत नाही."

पुण्यात जन्म काढलेल्या बाईला एवढं पुरे व्हायला हवं होतं. त्यांनी पुन्हा एकदा तिळगूळ दिला, पुन्हा एकदा गोड बोलायला सांगितलं, आणि गेल्या.

माझी सून, मिहिरची पल्लवी, सोफ्यावर मान खाली घालून बसली होती. सातवा संपत आलाय. हसू दाबत होती की पित्त, कळलं नाही. "मी डबी भरून राहिले, आई," म्हणाली. "भरते आहे," मी दुरुस्त केलं. लग्नाला अडीच वर्षं झाली, यवतमाळ जिभेवरून हलत नाही.

१७ जानेवारी

सोसायटीच्या ग्रुपवर पाखरू, कंठ, निजलेला सूर, लुप्त शाखा, सगळं शब्दशः. खाली माझं नाव, पदवीसकट. वर उगवत्या सूर्याचं चित्र.

खुलासा लिहिला. चारदा सुधारला. अंतिम पाठ: "सदर शब्दास कोणताही शास्त्राधार नाही. माझे उद्गार उपरोधाचे होते." पाच मिनिटांत जोडलेल्या हातांची रांग लागली. 'ब' इमारतीतले कुणी निवृत्त बँक मॅनेजर लिहितात, "बाई, तुम्ही असताना वेगळा शास्त्राधार कशाला!" दुसरे, "इतकी विद्वत्ता आणि इतका विनय!"

विनय. माझ्याबद्दल. आजवर कुणी हा आरोप केला नव्हता.

२ फेब्रुवारी

जेवताना मिहिरने फोन पुढे केला. नावांची कुठलीशी वेबसाइट. "रेयांवी. मूळ: वैदिक. शाखा: लुप्त. शुभ रंग: पोपटी." घास तोंडातच राहिला. पोपटी मी कधी म्हणाले? पाखरू म्हणाले होते, पोपट नव्हे.

आमच्या कोशात एका अर्थाला तीन ग्रंथांतले आधार मिळाल्याशिवाय ओळ छापायला जात नसे. एका शब्दापायी वर्ष गेलेलं आठवतं. बंगळूरला मुक्ताला फोन केला. पोटची मुलगी, सांत्वन करील अशी अपेक्षा. ती खो-खो हसली. "आई, तुला एक शब्द कोशात घालायला वर्ष लागायचं. पेंडसेकाकूंनी तीन दिवसांत घातला!"

"तो शब्द नाही, मुक्ता."

"का? उद्या पोरगी त्या नावाला 'ओ' देईल. मग?"

हा दिवसातला दुसरा धक्का. वापर झाला की शब्द नोंदवावा लागतो, हे पुढच्या संपादकांना मीच शिकवत आले.

१६ फेब्रुवारी

पेंडसेबाईंचं स्वप्न खरं ठरलं, मुलगी झाली. आज बारसं. जाणार नव्हते, बाई स्वतः वर येऊन हाताला धरून घेऊन गेल्या. पहिल्या रांगेत बसवलं. चांदीच्या वाटीवर नाव कोरलेलं. दारात फुलांच्या अक्षरांत नाव. आत्याने बाळाच्या कानात सांगितलं, आणि मग मोठ्याने, सगळ्यांना. टाळ्या.

"आता बाई दोन शब्द बोलतील."

उठले. सत्य सांगायचं असं पक्कं ठरवून उठले. समोर बाळंतीण, डोळ्यांखाली काळं, मांडीवर ते एवढंसं गाठोडं. ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी पुढे काय बोलणार त्यावर पोरीचं सगळं अवलंबून आहे. मी म्हणाले, "मुलगी गोड आहे."

हे विधान मी स्वतः तपासलेलं होतं. बसले.

जिन्यात पल्लवी म्हणाली, "छान बोललात, आई." मी म्हणाले, "कठड्याला धरून चढ."

९ मार्च

पहाटे नात झाली. दोघी सुखरूप. डॉक्टर प्रवास नको म्हणाल्यामुळे पल्लवीला माहेरी पाठवलं नव्हतं, तिची आई इथेच आलेली. तरी पल्लवीने बाळ प्रथम माझ्या हातात दिलं. मला ते अपेक्षित नव्हतं. काय लिहावं. नाक मिहिरचं. बाकी सगळं अजून यायचंय.

नाव माझ्या मनात गेल्या दिवाळीपासून तयार आहे. सूनृता. वेदातला शब्द, खरी आणि तरीही गोड अशी वाणी. अख्ख्या पुण्यात दुसरी नसेल. पल्लवीला तिथेच सांगितलं. ती थकलेली, हसली नुसती. होकार समजले.

१३ मार्च

संध्याकाळी दोघं खोलीत आले. मिहिर दाराशीच. खराडीच्या ऑफिसात माणसांना कामावरून काढायचं असलं की तो असाच उभा राहत असेल. पल्लवी म्हणाली, "आई, बाळाचं नाव आम्ही ठरवलं."

"ठरलेलंच आहे."

"रेयांवी."

मला वाटलं थट्टा. मिहिरकडे पाहिलं. तो चप्पल शोधत होता. घरात.

"तुम्ही सांगितलेलाच अर्थ आहे, आई," पल्लवी म्हणाली. "दुसऱ्यांच्या मुलीला दिलात. आमच्या मुलीला नको?"

म्हणजे ही भेट आहे. सुनेने सासूला दिलेली, सासूच्याच शब्दांची. अडीच वर्षांत या मुलीने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, मला काही दिलंही नव्हतं. आणि दिलं ते हे. नाही म्हणावं तर मी पेंडसेबाईंची फसवणूक केली असं होतं, आणि हो म्हणावं तर माझ्याच नातीच्या कपाळी जन्मभर माझं खोटं, माझ्याच सहीचं. डोकं दुखतं म्हणाले. ते तरी खरं होतं.

१७ मार्च

सांगितलं. बारसं वीस तारखेवर आलंय, याहून लांबवणं शक्य नव्हतं. मिहिर ऑफिसला, विहीणबाई शेकासाठी शेगडी पेटवत होत्या. पल्लवी बाळाला घेऊन बसलेली. मी वाक्य तयार करूनच गेले होते: तो शब्द निरर्थक आहे, तो अर्थ मी उपरोधाने रचला, तो उपरोध पेंडसेबाईंना कळला नाही, तुलाही कळला नाही यात तुझा दोष नाही.

ती म्हणाली, "मला कळला होता."

"काय कळलं होतं?"

"तुम्ही टोमणा मारून राहिल्या होत्या ते. मी तिथंच होते ना. हसू आवरत नव्हतं मला." बाळाला खांद्यावर घेतलं. "पहिलं वर्ष मला तुमचे टोमणे कळायचे नाहीत. बरं होतं ते वर्ष. आता सगळे कळतात."

"मग हे नाव कशाला?"

"खोटं होतं, पण किती सुंदर होतं, आई. पाखराच्या गळ्यात निजलेला सूर. एका घरात राहून इतकं सुंदर तुमच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. मला जे बोलता ते सगळं खरं असतं. भात गिचका झाला, खरं. 'करून राहिले' म्हणू नये, खरं. म्हटलं, माझ्या पोरीच्या वाट्याला ते एक तरी यावं."

शेगडीवरून विहीणबाईंनी मान वर केली नाही. अर्थात सगळं ऐकलं.

मी सूनृताचा अर्थ पुन्हा सांगितला. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे खरं आणि गोड, दोन्ही एकदम? असं बोलता येतं, आई?"

सरळ विचारलं की उपरोधाने, मला ओळखता आलं नाही. मला.

"मुक्ताताई येतील तेव्हा तुम्हीच त्यांना सांगा, बाळाच्या कानात काय म्हणायचं ते," ती म्हणाली. "दोन्हींतलं कुठलंही. मी हूं का चूं करणार नाही. खरंच." आणि पदर घेऊन बाळाला पाजायला वळली.

१९ मार्च

मुक्ता आली. तिला काही सांगितलं नाही. वाटीवर नाव घालायचं म्हणून सोनाराचा फोन. कोरी पाठवा म्हणाले.

दिवसभर एक वाक्य जुळवते आहे. पल्लवीला सांगायचं, एकच. खरं असावं, आणि ऐकून बरं वाटावं. "तू कामाची आहेस." हे गड्याला म्हणतात. "तुझ्यावर आमचा लोभ आहे." हे पत्राच्या शेवटी लिहितात. "तू आल्यापासून घर..." इथे अडते. कोशातल्या कुठल्याही नोंदीने इतकं छळलं नव्हतं. तिच्याबद्दल मला काय वाटतं हे शोधायला बसले, तर आधारच आधार सापडत गेले. नोंद मात्र आजवर केलेलीच नाही. या गोष्टीचा सगळ्यात जास्त धक्का बसला.

२० मार्च

सकाळचे दहा. घाईत.

पाळणा सजलाय. पेंडसेबाई नातीला घेऊन अगदी पुढे बसल्या आहेत, जणू नाव त्यांनीच उसनं दिलंय. मुक्ताच्या पाठीवर बुक्के मारायला बायका टपलेल्या. ती आत्ताच खोलीत डोकावली, "आई, अगं सगळे थांबलेत. कानात काय सांगू? एक काहीतरी सांग."

पलीकडच्या खोलीत पल्लवी एकटी केसांत गजरा माळते आहे. तो एका बाजूला सुटतोय. गाठ चुकली आहे. हे खरं आहे, आणि हे मी सांगणार नाही.

मुक्ताला म्हणाले, "थांब जरा. आधी पल्लवीकडे जाऊन येते."