रबरी मूठ

प्रिय उत्तरा,

शनिवारी सकाळी पूजा आटोपली, दुकान उघडायला वेळ होता, म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना टॉवेल पसरून मी रिव्हॉल्व्हर काढून बसलो. एवढं वाचून पत्र बाजूला ठेवू नकोस. दुकानात चोरी झाल्यावर मी ते आणलं, तेव्हा तू फोनवर म्हणालीस, "बाबा, ते आपल्याकडे आहे तोवर मी दिवाळीलासुद्धा येणार नाही." मला राग आला होता. दुपारी मी माल आणायला अटलांटाला जातो, तुझी आई गल्ल्यावर एकटी असते, हे हॉस्टेलवर बसून तुला काय कळणार, असं वाटलं होतं.

आणलं खरं, पण तिच्या हातात ते बसेना. लाकडी मूठ गुळगुळीत आणि जाड, तिची बोटं लहान. बंदुकीच्या दुकानातला म्हातारा मला त्र्यंबक म्हणायला कंटाळतो, टिमच म्हणतो. म्हणाला, "टिम, बायको बदल नाहीतर मूठ बदल. मूठ बदलणं सोपं." म्हणून रबरी मूठ आणली.

काम खरंच सोपं. गोळ्या काढून दुसऱ्या खोलीत ठेवल्या, आत एकही राहिली नाही ना ते पुन्हा पाहिलं. मुठीला एकच स्क्रू. तो सोडवल्यावर लाकडाचे दोन्ही तुकडे निघाले आणि आत बघतो तर कुंकू! खंडेनवमीला पाना, पक्कड आणि गल्ल्याच्या मशीनबरोबर मी तेही पाटावर मांडलं होतं. गावाकडे कोयत्या-कुदळीला करायचो तसंच हळदकुंकू वाहिलं, पाणी शिंपडलं. ते फटीतून आत उतरून लोखंडाला गंज धरला होता. तुझी आई हसून म्हणाली, "अहो, पाटावर हे चालतं का, देवाला आधी विचारायचं तरी!" मी गंज पुसला, तेलाचं बोट फिरवलं, रबर चढवलं आणि स्क्रू बेताने आवळला.

मग तिच्या हातात दिलं. अगदी चपखल बसलं. मला केवढं समाधान वाटलं! तिने मात्र ते खाली ठेवलं. म्हणाली, "कालपर्यंत हे परक्याचं वाटायचं. उचलायच्या आधी मी थांबले असते. आज उलथनं धरल्यासारखं वाटतंय. उद्या कुणी पाकीट काढायला खिशात हात घातला, तरी माझा हात थांबायचा नाही. मला नको हे."

रविवारी जपाला बसलो तरी मन तिथेच. माझे वडील कोयत्याची मूठ हाताजोगी घासून घेत, ती ऊस तोडायला. मी ही कशासाठी बसवली होती?

भीती गेली आहे असं नाही. पण आता आम्ही माल सकाळीच दोघं जाऊन आणतो, दुकान थोडं उशिरा उघडतं आणि दुपारी गल्ल्यावर दोघंही असतो. तुझी आई म्हणते, माझी बडबड ऐकून चोरच पळतील. तुझ्या हट्टापायी हे केलं असं समजू नकोस, तिच्या हातासाठी केलं. पण तुला 'दिवाळीला ये' म्हणायची माझी जीभ इतके दिवस रेटत नव्हती, ती आता रेटते, म्हणून हे पत्र. चकलीची भाजणी भाजून झाली आहे. आणि ते रिव्हॉल्व्हर काल मी नव्या मुठीसकट त्या म्हाताऱ्याला परत देऊन आलो.

तुझी वाट पाहणारा,
तुझाच बाबा