डबे भरायच्या यंत्राबद्दल खरं खरं

चिरंजीव भाचेसाहेब, डबे भरायच्या यंत्राचे एकमेव निर्माते, यांस मामाचे भरपूर आशीर्वाद. (आशीर्वाद मनापासून आहेत. पुढचा मजकूर वाचताना ते विसरू नकोस.)

इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. माझी कंबर ठीक नाही, कारखान्याचं दार ठीक नाही, आणि वाटाण्यांबद्दल मी इतक्यात काही बोलत नाही. पण ज्याला ठीक म्हणता येईल ते सगळं ठीक आहे. तुझा खोकला गेला का? वेळेवर जेवतोस का? तुझी आई म्हणते जेवतोस, पण तुझी आई माझी धाकटी बहीण आहे आणि तिला लहानपणापासून सगळं छानच चाललंय असं सांगायची सवय आहे. घर गळत असलं तरी ती म्हणायची, हवा जरा दमट आहे. तेव्हा काय ते तू स्वतः कळव.

तुझं पत्र पोचलं. त्यात तू लिहिलंयस की मामा, यंत्राबद्दल खरं खरं कळवा, माझं मन राखू नका. यंत्र फसलं असेल तर मी हा नाद सोडतो आणि बाबांनी ठरवलेल्या कचेरीत खुर्चीवर जाऊन बसतो, त्यांना महिनाअखेर हो-नाही सांगायचंय. हे वाचून मी आधी ग्लासभर पाणी प्यायलो. अरे, एवढी मोठी गोष्ट तू मामाच्या मतावर सोडलीस? आज भाजी कुठली करायची हेसुद्धा ज्याला घरात कुणी विचारत नाही, त्याच्या? पण विचारलंस ना, मग ऐक आता. मन राखणार नाही.

यंत्र आलं त्या दिवशी पहिल्यांदा हे कळलं की ते दारापेक्षा रुंद आहे. तू याच दारातून आत-बाहेर हुंदडत मोठा झालास, दोनदा त्यात बोट चेमटवून घेतलंस आणि गल्ली गोळा होईल असं रडलास, तरी त्याची रुंदी तुझ्या लक्षात राहू नये याचं मला नवल वाटलं. गवंड्याला बोलावून चौकट काढली. चौकट काढली की दार बसवता येत नाही, हे गवंड्याने चौकट काढून झाल्यावर सांगितलं. तेव्हा सध्या आपल्या फळांच्या डब्यांच्या कारखान्याला (तुझी मामी त्याला अजून शेडच म्हणते) दाराऐवजी एक भलंमोठं भगदाड आहे. येणारा-जाणारा त्यात डोकं घालतो, यंत्र कसं चाललंय असं विचारतो, आणि उत्तर ऐकायला बसूनच राहतो.

तुझ्या मामीचं मात्र पहिल्या क्षणापासून वेगळं. यंत्र तू तिच्या हातासाठी केलंस हे मला ठाऊक आहे. इतकी वर्षं नाशपातीच्या फोडी अंगठ्याने दाबून दाबून डब्यात बसवल्या, त्यात तिचा अंगठा आणि मनगट दोन्ही कामातून गेलं. यंत्र यायच्या आधी तिला चहाचं पातेलंसुद्धा उचलवत नव्हतं. विचारलं की म्हणायची, काही नाही, हात जरा अवघडलाय. तर ती यंत्राजवळ गेली आणि तुला ताप आला की तुझ्या कपाळावरून फिरवायची तसा तिने त्याच्यावरून हात फिरवला. मी मनात म्हटलं, संपलं! आता या यंत्राविरुद्ध या घरात एक शब्द बोलायची सोय नाही. म्हणून तर हे सगळं तुला लिहून कळवतोय.

मग चालू केलं. वरच्या गोल ताटात फोडी ओतल्या, ताट फिरायला लागलं, फोडी कडेच्या भोकांतून खालच्या डब्यांत टपाटप पडायला लागल्या, आणि तळाचं ते हादरे देणारं चाक एकेका डब्याला गदागदा हलवून फोडी खाली बसवायला लागलं. बायका जेवढ्या वेळात पदर खोचतात तेवढ्या वेळात डब्यांची रांग भरून उभी! खोटं कशाला बोलू, मी तोंडात बोटं घातली. (हे वाक्य तुझ्या वडिलांना सुटं वाचून दाखवू नकोस. पुढचं ऐकल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही.)

पहिली अडचण आवाजाची. तुला माहीतच आहे, आपल्याकडे हात आणि तोंड बरोबरीने चालतं. टेबलाभोवती बसून हळू आवाजात सगळ्या गल्लीची चौकशी करत करत बायका डबे भरणार, हीच आपली पद्धत. यंत्रासमोर हळू आवाजाचं काही चालेना, म्हणून सगळ्या ओरडून कुजबुजायला लागल्या. आपली शिस्तबाई (तीच रे, जिने तुला चपला बाहेर काढायला लावून शेडच्या दारात उभं केलं होतं, हल्ली केस पिकलेत, शिस्त तशीच आहे) शेजारणीच्या कानात काहीतरी ओरडत होती आणि नेमकी वीज गेली. यंत्र गप्प. त्या शांततेत तिचं उरलेलं वाक्य सगळ्यांनी स्वच्छ ऐकलं: "...मालक पाक चाखायला म्हणून चमचा घेतात आणि वाटीभर पितात!" डॉक्टरांनी माझी साखर बंद केलीये हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाक मात्र फक्त मला आणि, आता कळतंय, शिस्तबाईला ठाऊक होता. तेव्हापासून पाक चाखायचं काम मामीने शिस्तबाईकडे दिलंय आणि मला झाकणं दाबायच्या दांड्यापुरतं ठेवलंय. तुझ्या यंत्रामुळे माझं झालेलं हे पहिलं नुकसान.

वीज परत आली तेव्हा दुसरी अडचण कळली, ती अशी की यंत्राला रीतभात नाही. आपल्याकडे शेवटची फोड नेहमी पालथी, गुळगुळीत पाठ वर. डबा उघडणाऱ्याला पहिल्यांदा चांगला चेहरा दिसला पाहिजे, आतला बियांचा खड्डा नव्हे, हा तुझ्या मामीचा नियम. यंत्राला फोडीचं पोट काय आणि पाठ काय! त्याने वाटेल तशा टाकल्या. मग शिस्तबाईने काय करावं? तिने यंत्राने भरलेला डबा उचलला, परातीत पालथा केला आणि पुन्हा हाताने भरला. ते बघून दुसरीने तेच केलं. बघता बघता यंत्र एका बाजूने भरतंय आणि बायका दुसऱ्या बाजूने ओतताहेत असा खेळ सुरू झाला. मामीने ओरडून सांगितलं की अगं बायांनो, फक्त वरची एक फोड उलटा! पण यंत्राच्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणार? शेवटी ती हातवारे करायला लागली. ते बघून त्यांना वाटलं, आणखी भरभर ओता म्हणतेय. ओतलं.

आणि आता तुझा तो कागद. यंत्राबरोबर तू सूचनांचा जो कागद पाठवलास तो मी भिंतीवर चिकटवला आणि सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. तुझ्या अक्षरात लिहिलंय की यंत्र चालू असताना ताट रिकामं ठेवू नये. त्याच्याच खाली, तुझ्याच अक्षरात लिहिलंय की यंत्र बंद करण्याआधी ताट पूर्ण रिकामं करावं. आता तूच सांग लेका, आम्ही काय करायचं? चालू असताना रिकामं करायचं नाही, आणि रिकामं केल्याशिवाय बंद करायचं नाही! बटण समोर दिसत होतं. पण हात लावायची कुणाची छाती होईना. मी म्हटलं, दाबून टाकू. मामी म्हणाली, पोराने विचार केल्याशिवाय लिहिलं असेल का? शिस्तबाई म्हणाली, नियम म्हणजे नियम. आणि खरं सांगू का, तू एवढं खपून केलेलं यंत्र पहिल्याच दिवशी माझ्या हातून मोडावं, हे मलाही नको होतं.

मग काय, ताट भरत राहायचं! हाताने भरत होतो तेव्हा सोलणाऱ्या बायका निवांत असायच्या. यंत्र म्हणजे नुसती आग पोटात घेऊन बसलेलं. दिलं की फस्त. डबे भरणाऱ्या बायकांना उठवून सोलायला बसवलं. तेही पुरेना, तेव्हा भगदाडातून डोकावणाऱ्यांच्या हातात एकेक सुरी दिली. पत्रं टाकायला आलेला पोस्टमन सोलायला बसला. गवंडी बसला. जेवणाची वेळ टळून गेली. एका हाताने घास, दुसऱ्या हाताने नाशपाती. त्यात माझ्या कंबरेसाठी बोलावलेले डॉक्टर आले. मी दांड्यावरून हलू शकत नव्हतो, म्हणून त्यांनी मला दांड्यावरच तपासलं, आणि तपासून झाल्यावर कुणीतरी त्यांच्यासमोर टोपली सरकवली. माणूस भला. सालं इतकी पातळ काढतो की बघत राहावं.

नाशपाती संपली. आता ताट रिकामं होणार म्हणून सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कोपऱ्यात दुसऱ्या दिवसासाठी आणलेल्या सोललेल्या वाटाण्यांची पोती होती. मी (हो, मीच, मन राखायचं नाही म्हटल्यावर माझंही राखत नाही) एक पोतं उचललं आणि ताटात रिकामं केलं. भोकं अर्ध्या नाशपातीच्या मापाची. वाटाणे त्यातून जे सुटले! डबे भरले, डब्यांतून जमिनीवर, जमिनीवरून भगदाडाकडे, भगदाडातून गल्लीत. मी त्यांना अडवायला धावलो, घसरलो, पडता पडता डॉक्टरांना धरलं, डॉक्टरांनी हाताला लागली ती वायर धरली, आणि वायर भिंतीतून उपटून आली. यंत्र थांबलं. ताटात तेव्हा थोडे वाटाणे शिल्लक होते, म्हणजे तुझा नियम मोडला. पण तो डॉक्टरांनी मोडला, आम्ही नाही.

तर हे असं आहे. चार बायकांचे कष्ट वाचवायला तू यंत्र केलंस आणि सगळी गल्ली कामाला लागली. कचेरीतली खुर्ची चांगली असते म्हणतात. ती हादरे देत नाही, तिच्यात वाटाणे ओतावे लागत नाहीत, आणि बसणाऱ्याला काही शोधून काढावं लागत नाही. आता तू शहाणा आहेस. काय ते ठरव. जेवत जा, उन्हात फिरू नकोस, आणि तुझ्या आईला सांग, माझी कंबर छान आहे.

तुझा,
मामा

ता. क. हे सगळं पहिल्या दिवसाचं. दुसऱ्या दिवसापासून यंत्र व्यवस्थित चालतंय, हे वर लिहायचं राहून गेलं. बायका आता फक्त वरची फोड उलटतात, आणि मामी सरळ बटण दाबून यंत्र बंद करते. काही होत नाही. सूचनांचा कागद तेवढा नवा लिहून पाठव.

आणखी एक ता. क. कोपऱ्यावरचा जॅमवाला दोनदा येऊन यंत्र बघून गेला. कुणी केलं म्हणाला. मी म्हटलं, माझ्या भाच्याने. मला एक करून देईल का म्हणाला. मी म्हटलं, विचारून बघतो, त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. लेका, आता मला खोटं पाडू नकोस. त्या खुर्चीला नाही म्हणून कळव. तुझ्या वडिलांशी मी बोलेन, भांडावं लागलं तर भांडेन. आणि इकडे ये. भरणं भरभर होतं पण सोलणं मागे पडतं, तेव्हा आता सोलायचं यंत्र हवंय. ते किती रुंद असेल ते आधी कळव, गवंडी चौकटीसाठी खोळंबलाय.

बाळा, मी मामी. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून उरलेल्या जागेत लिहिते. अक्षर वेडंवाकडं आहे, पण माझं आहे. पुष्कळ दिवसांनी पेन धरवलं. तुझे मामा यंत्रावर एवढे का चिडलेत ते त्यांनी लिहिलेलं नाही. माझा हात गेल्यापासून रोज सकाळी माझी वेणी तेच घालायचे. दार लावून, कुणाला सांगायचं नाही या अटीवर. (घालतात अगदी वाईट. एक पेड जाड, एक बारीक.) यंत्र आल्यापासून हाताला आराम पडला, आणि परवा ते फणी घेऊन आले तोवर मी माझी माझी घालून मोकळी झाले होते. छान झालीये म्हणाले, आणि फणी हातात घेऊन तिथेच बसून राहिले. काल मी म्हटलं, आज जरा दुखतोय हो हात. दुखत नव्हता. लगेच उठले. तेव्हा तू ये आणि तुला हवी तेवढी यंत्रं कर. वेणी घालायचं तेवढं कधी करू नकोस.